कशाला धावायचं एवढं?

दोस्तांनो, आधी एक गणित करू. घाबरू नका, सोपं आहे. तुमच्या शाळेचं मैदान चांगलं ऐसपैस आहे आणि त्याची एक फेरी ४०० मीटरची होते असं धरा. अशा किती फेऱ्या मारल्या म्हणजे ९० किलोमीटर होतील? बोटं मोडत बसू नका, मीच सांगते. दोनशे पंचवीस फेऱ्या! खेळाच्या तासाला सर पाच फेऱ्या सांगतात तेव्हा आपली तोंडं कशी होतात ते आठवा, आणि मग २२५ चा विचार करा. नाहीतर असं करा, कोल्हापूरहून सांगलीला पळत जा आणि न थांबता पळतच परत या. साधारण तेवढं अंतर. फरक इतकाच, की मी ज्या रस्त्याबद्दल सांगणार आहे त्यावर वाटेत पाच मोठे चढ आहेत आणि हे सगळं बारा तासांच्या आत संपवायचं आहे.

हा रस्ता आहे दक्षिण आफ्रिकेत. समुद्रकाठचं डर्बन शहर आणि आत डोंगराळ भागातलं पीटरमारित्झबर्ग या दोन गावांमधला. दरवर्षी हजारो माणसं तिथे पहाटेच्या काळोखात जमतात आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला पळत जातात. या शर्यतीचं नाव आहे ‘कॉम्रेड्स मॅरेथॉन’. खरं म्हणजे मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते. त्याहून लांब धावेला ‘अल्ट्रा मॅरेथॉन’ म्हणतात. कॉम्रेड्स ही साधारण ८७ ते ९० किलोमीटरची, म्हणजे दोन मॅरेथॉन आणि वर थोडी चिल्लर! जगातली ही सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत मोठी अल्ट्रा मॅरेथॉन. १९२१ साली सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४५ आणि करोनामुळे २०२० व २०२१ अशी काही वर्षं सोडली, तर दरवर्षी होत आली आहे.

मी वर्गात ही माहिती सांगितली तेव्हा पहिला प्रश्न आला, “बाई, पहिला नंबर आला तर किती पैसे मिळतात?” आता मिळतात, बरेच मिळतात. पण १९९५ पर्यंत या शर्यतीत एक पैसाही बक्षीस नव्हतं. सत्तरहून जास्त वर्षं लोक फुकटच धावत होते. दुसरा प्रश्न मागच्या बाकावरून आला आणि तोच खरा प्रश्न होता. “मग कशाला धावायचं एवढं?”

याचं एकच एक उत्तर नाही, बरं का. जितकी माणसं तितकी कारणं. काही कारणं तर अशी आहेत, की ऐकून आपण गप्पच बसतो. आपण सुरुवात ज्यानं ही शर्यत काढली त्याच्यापासून करू.

त्याचं नाव व्हिक क्लॅफम. जन्म लंडनचा, पण लहानपणीच दक्षिण आफ्रिकेत आला आणि मोठेपणी रेल्वेत इंजिन ड्रायव्हर झाला. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हा सैन्यात गेला. त्याच्या पलटणीला पूर्व आफ्रिकेत पाठवलं. तिथे जर्मनांच्या फौजेचा पाठलाग करत या लोकांनी सुमारे २,७०० किलोमीटरची पायपीट केली. जंगल, दलदल, उन्हाचा तडाखा. त्या मोहिमेत बंदुकीच्या गोळीपेक्षा हिवताप आणि हगवण यांनीच जास्त माणसं नेली. आणि ही माणसं काही जन्माची सैनिक नव्हती हं! काल-परवापर्यंत कुणी कचेरीत खर्डेघाशी करत होता, कुणी दुकानात उभा होता. शेजारी चालणारा सोबती आज आहे, उद्या नाही, असे ते दिवस.

क्लॅफम जिवंत परत आला. आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळू लागली. जे गेले त्यांची आठवण ठेवायची. कशी ठेवायची? पुतळा उभारायचा? पुतळ्यावर कावळे बसतात. (हे माझं म्हणणं, क्लॅफमचं नव्हे!) त्याला वाटलं, की आपल्या सोबत्यांनी जे सोसलं त्याची थोडी तरी चव घ्यायला लावणारं काहीतरी हवं. कवायत न शिकलेली साधी माणसं इतकं चालू शकली, तर तयारी केलेला खेळाडू पीटरमारित्झबर्गहून डर्बनला पळत का जाऊ शकणार नाही?

युद्धावरून परत आलेल्या सैनिकांची एक संघटना होती, तिच्या नावात ‘कॉम्रेड्स’ हा शब्द होता. आपल्याकडे ‘कॉम्रेड’ म्हटलं की कामगार पुढारी डोळ्यांसमोर येतात. इथे त्याचा अर्थ लढाईतला सोबती. क्लॅफमनं या संघटनेकडे शर्यतीची परवानगी मागितली. त्यांनी त्याला वेड्यातच काढलं. एवढं अंतर? माणसं मरतील! १९१८ साली नकार, १९१९ साली नकार, १९२० साली पुन्हा नकार. पण हा गडी इंजिन ड्रायव्हर होता, चढावर गाडी थांबली म्हणून सोडून देणारा नव्हता. शेवटी १९२१ साली संघटनेनं परवानगी दिली आणि खर्चाला एक पौंड काढून दिला. तोही परत करायच्या बोलीवर!

२४ मे १९२१ रोजी पीटरमारित्झबर्गच्या नगरभवनासमोर ३४ जण उभे राहिले. सगळे पुरुष, सगळे गोरे. ते का, हे पुढे येईलच. रस्ता बहुतेक कच्चा, धुळीचा. आजच्यासारखे मऊ बूट नव्हते, घामानं न भिजणारे कपडे नव्हते. ३४ पैकी १६ जण डर्बनला पोचले. बिल रोवन नावाचा धावपटू पहिला आला, त्याला ८ तास ५९ मिनिटं लागली. मेलं मात्र कुणी नाही.

दुसऱ्या वर्षी शर्यत उलट्या दिशेनं झाली, डर्बनहून वर पीटरमारित्झबर्गला. तेव्हापासून साधारणपणे एक वर्ष ‘चढाची’ आणि एक वर्ष ‘उताराची’ अशी पद्धत पडली. आणि या दुसऱ्या वर्षी आला आर्थर न्यूटन. या माणसाची गोष्ट मला फार आवडते आणि थोडी टोचतेही.

न्यूटन शेतकरी होता. नाताळ प्रांतात त्याची शेती होती, कापूस आणि तंबाखू लावायचा. सरकारनं त्याच्या शेताभोवतालची जमीन कृष्णवर्णीय लोकांच्या वस्तीसाठी राखून ठेवली. न्यूटनचं म्हणणं, यामुळे माझी शेती बुडाली, मला भरपाई द्या. अर्ज केले, खेटे घातले. कुणी दाद देईना. मग त्यानं असा विचार केला, की एका शेतकऱ्याचं कोण ऐकतं? पण खेळाडू नावाजला, की त्याचं बोलणं वर्तमानपत्रं छापतात. मग आपणही नावाजलेला खेळाडू व्हायचं!

मुलांनो, हा निर्णय घेतला तेव्हा त्याचं वय किती होतं माहीत आहे? ३८! त्या वयात बाकीचे लोक खेळ सोडतात. त्यानं १ जानेवारी १९२२ रोजी सराव सुरू केला आणि मे महिन्यात ८ तास ४० मिनिटांत कॉम्रेड्स जिंकली. तेसुद्धा चढाची! पुढच्या वर्षी उताराच्या शर्यतीत त्याला लागले ६ तास ५६ मिनिटं. म्हणजे बिल रोवनच्या वेळातून त्यानं दोन तासांहून जास्त वेळ उडवून टाकला. तोपर्यंत लोकांना वाटायचं, फार सराव केला तर शरीर झिजतं. न्यूटननं उलटं केलं. तो रोज पळायचा, खूप लांब पळायचा, पण हळू पळायचा. दम लागेल इतकं जोरात पळायचंच नाही. आज जगभरचे लांब पल्ल्याचे धावपटू हेच करतात. १९२२, २३, २४, २५ आणि मग १९२७, अशी पाच वेळा त्यानं ही शर्यत जिंकली. शेवटच्या वेळी तो ४४ वर्षांचा होता.

नाव तर झालं. भरपाई मिळाली का? नाही. सरकार काही हललं नाही. न्यूटन शेती सोडून ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत निघून गेला.

मी म्हटलं ना, ही गोष्ट थोडी टोचते. कारण वाचताना मनात येतंच, की ती जमीन मुळात कुणाची होती? गोऱ्यांच्या आधी तिथे कोण राहत होतं? न्यूटनचं गाऱ्हाणं आज ऐकताना सगळंच्या सगळं पटत नाही. पण रागाचं काय करायचं, हे त्याला नेमकं कळलं होतं. त्यानं तो राग पायांत उतरवला. आणि मजा अशी, की जे कारण घेऊन तो धावायला लागला ते संपल्यावरही त्याचं धावणं संपलं नाही! १९२८ आणि १९२९ साली अमेरिका आडवी ओलांडण्याची एक अचाट शर्यत निघाली होती, त्यातही हा जाऊन उभा राहिला. शेतीचा आणि त्या शर्यतीचा काहीही संबंध नव्हता.

आजही कॉम्रेड्सच्या वाटेवर, निम्मं अंतर होतं तिथे जवळच, रस्त्याकडेच्या दरडीत एक खोबण आहे. न्यूटन तिथे बसून विसावा घ्यायचा अशी आख्यायिका. समोर ‘हजार टेकड्यांचं खोरं’ पसरलेलं दिसतं. धावपटू तिथून जाताना म्हणतात, “गुड मॉर्निंग, आर्थर!” आणि वाटेत तोडलेलं एखादं फूल खोबणीत ठेवतात. असं केलं की पुढचा निम्मा रस्ता बरा जातो म्हणे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ४५ किलोमीटर पळून आलेला माणूस फूल ठेवायला थांबतो, हे खरं आहे.

आता त्या ‘सगळे पुरुष, सगळे गोरे’ कडे येऊ.

पीटरमारित्झबर्ग हे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलं असेल. आठवा. ७ जून १८९३ ची रात्र. डर्बनहून प्रिटोरियाला निघालेल्या एका तरुण हिंदी वकिलाकडे पहिल्या वर्गाचं तिकीट होतं, तरी त्याला याच स्टेशनवर डब्यातून उतरवून दिलं. जून म्हणजे तिथला हिवाळा. मोहनदास गांधींनी ती रात्र स्टेशनवर थंडीत कुडकुडत काढली. तर दोस्तांनो, ही शर्यत त्याच दोन गावांमधली आहे आणि तोच भेदभाव शर्यतीतही होता. बायकांना आणि गोरे नसलेल्यांना प्रवेशच नव्हता.

१९२३ साली फ्रान्सिस हेवर्ड नावाच्या तरुणीनं अर्ज केला. नामंजूर! तर ती बिनक्रमांकाची येऊन उभी राहिली आणि पळाली. ११ तास ३५ मिनिटांत तिनं अंतर पूर्ण केलं. पदक नाही, निकालाच्या यादीत नाव नाही. पण बघणाऱ्या लोकांनी आणि बरोबरच्या धावपटूंनी आपापसांत वर्गणी काढून तिला चांदीचा चहाचा संच भेट दिला. १९३५ साली रॉबर्ट एम्त्शाली हा कृष्णवर्णीय धावपटू असाच अनधिकृतपणे पळाला आणि साडेनऊ तासांत पोचला. त्याचंही नाव यादीत नाही. यादीत येणार नाही हे आधीच ठाऊक असताना नव्वद किलोमीटर पळायचं, याला काय म्हणाल? मला वाटतं, ‘आम्हीही आहोत’ हे सांगण्याची ती त्यांची पद्धत होती.

१९७५ साली, पन्नासाव्या शर्यतीला, अखेर दार उघडलं. स्त्रिया आणि सर्व वर्णांचे लोक अधिकृतपणे धावू लागले. आणि १९८९ साली काय झालं पाहा. सॅम त्शाबालाला शर्यत जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय धावपटू ठरला. त्याच शर्यतीत फ्रिथ फान डर मर्व ही शिक्षिका ५ तास ५४ मिनिटांत आली. बायकांत पहिली तर आलीच, पण हजारो पुरुषांसह सगळ्यांत मिळून पंधरावी! (शिक्षिका हा शब्द मी मुद्दाम घातला आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.) अलीकडे गेर्डा स्टेन हिनं २०२३ साली उताराची शर्यत ५ तास ४४ मिनिटांत पुरी करून तो विक्रमही मोडला.

आता या शर्यतीत एका पदकाचं नावच ‘रॉबर्ट एम्त्शाली पदक’ आहे. नऊ ते दहा तासांत येणाऱ्यांना ते मिळतं. ज्याला स्वतःला पदक मिळालं नाही, त्याच्या नावाचं पदक आज गळ्यात घालून लोक घरी जातात. नऊ तासांच्या आत आलात तर बिल रोवन पदक. आणि अगदी शेवटच्या, अकरा ते बारा तासांत येणाऱ्यांच्या पदकाला नाव दिलंय व्हिक क्लॅफमचं.

आणखी एकाचं सांगते. ब्रूस फोर्डाइस. यानं ही शर्यत नऊ वेळा जिंकली आहे, इतक्या वेळा दुसऱ्या कुणीच नाही. त्याची पहिली जीत १९८१ सालची. त्या वर्षी वर्णभेद करणाऱ्या सरकारच्या प्रजासत्ताकाला वीस वर्षं झाली, म्हणून शर्यतीला त्या सोहळ्याशी जोडलं होतं. फोर्डाइस दंडाला काळी फीत बांधून धावला. तो स्वतः गोरा होता, गप्प राहिला असता तर कुणी काही म्हणालं नसतं. फीत बघून लोकांनी त्याची हुर्यो उडवली. तो पळत राहिला आणि पहिला आला. मग काय, सगळ्या छायाचित्रांत ती काळी फीतही आलीच! म्हणजे न्यूटनचाच डाव की नाही? फक्त या वेळी कारण स्वतःच्या शेताचं नव्हतं.

बरं, एवढं पळताना शरीराचं काय होतं?

एक पाऊल एक मीटरचं धरलं, तर ९० हजार पावलं. आपण जे भात-पोळी-बटाटा खातो त्यातली साखर यकृतात आणि स्नायूंत साठवलेली असते. पण तो साठा जोरात धावताना साधारण ३० किलोमीटरच्या आसपास संपत येतो. मग एकाएकी पाय शिशाचे होतात, डोकं चालत नाही. पुढे शरीर चरबी जाळतं, पण ती सावकाश जळते, ओल्या लाकडासारखी. म्हणून वाटेत खात राहावं लागतं. कॉम्रेड्सच्या रस्त्यावर काय मिळतं सांगू? मीठ लावलेले उकडलेले बटाटे! संत्र्याच्या फोडी, आणि पाण्याच्या छोट्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. कोपरा दातानं फोडायचा आणि चोखायचं. आपल्या जत्रेत मिळतात ना, तशाच.

तुम्हाला वाटेल उताराची शर्यत सोपी. अजिबात नाही. उतारावर प्रत्येक पावलाला सगळं वजन मांडीवर आदळतं. मांडीचा स्नायू एकीकडे ताणला जात असतो आणि दुसरीकडे ब्रेकसारखा आवळलेला असतो. त्यानं स्नायूच्या बारीक तंतूंना हजारो ठिकाणी इजा होते. दुसऱ्या दिवशी कित्येक धावपटू जिना उतरताना पाठमोरे उतरतात!

आणि एक धोका असा, की आपल्याला खरा वाटणार नाही. पाणी फार पिण्याचा. १९८१ साली याच शर्यतीत एक महिला बेशुद्ध पडली. लोकांना वाटलं, पाणी कमी पडलं असेल. झालं होतं उलटं. पाणी इतकं प्यायलं गेलं, की रक्तातलं सोडियम पातळ झालं. मिठाचं प्रमाण बिघडलं की मेंदूला सूज येते. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टर टिम नोक्स यांनी या प्रकाराचा पुढे बारकाईनं अभ्यास केला आणि तेव्हापासून ‘तहान लागेल तेवढंच प्या’ असं सांगायला सुरुवात झाली.

म्हणून हे वाचून उद्या सकाळी कुणी घराबाहेर पडू नका हं! कॉम्रेड्समध्ये वीस वर्षांखालच्या कुणाला घेतच नाहीत. वाढत्या हाडांना इतका मारा सोसत नाही. २००६ साली ओडिशात चार वर्षांच्या एका मुलाला पुरी ते भुवनेश्वर ६५ किलोमीटर पळवलं होतं. तो कोसळला. देशभर गाजलं ते, टाळ्या वाजवणारेही भरपूर होते. शेवटी सरकारनं त्याच्या अशा धावण्यावर बंदी घातली. ‘कशाला धावायचं’ याचं उत्तर त्या चार वर्षांच्या पोराकडे कुठून असणार? उत्तर मोठ्यांकडे होतं, पाय मात्र त्याचे होते. मला त्याचा अजून राग येतो.

राग बाजूला ठेवते आणि तुम्हाला शर्यतीच्या सुरुवातीला घेऊन जाते, कारण तिथे भारी गंमत असते. पहाटेचा अंधार. थंडी. हजारो लोक खेटून उभे. आधी राष्ट्रगीत होतं. मग ‘शोशोलोझा’ हे गाणं सुरू होतं. आगगाडीनं दूर खाणीत कामाला जाणाऱ्या मजुरांचं हे गाणं, सगळे एका आवाजात म्हणतात. आणि मग कोंबडा आरवतो! खरा नव्हे. १९४८ साली मॅक्स ट्रिम्बॉर्न नावाच्या धावपटूला सुरुवातीला राहवलं नाही, त्यानं मोठ्यांदा कोंबड्याची बांग दिली. लोकांना इतकी आवडली, की पुढे दरवर्षी त्याला बांग द्यायला लावू लागले. आता त्याच्या आवाजाची ध्वनिफीत लावतात. कोंबडा आरवला, तोफ उडाली, की सुटले!

पुढे धावणारे वीस-पंचवीस जण जिंकण्यासाठी धावतात. त्यांची चुरसही जबरदस्त असते. १९६७ साली टॉमी मेलोन पुढे होता, समोर फीत दिसत होती. मागून मॅनी कून आला. अखेरच्या काही पावलांवर मेलोनच्या पायात गोळा आला आणि तो पडला. उठला, पुन्हा पडला. कून शेजारून निघून गेला. फरक किती? जवळजवळ सहा तास धावून फक्त एक सेकंद!

पण बाकीचे हजारो? त्यांना पक्कं ठाऊक असतं, की आपण जिंकणार नाही. त्यांच्यात शिपाई असतात, परिचारिका असतात, बँकेतले लोक, निवृत्त आजोबा, कुणी आजारातून उठलेलं, कुणी आपलं माणूस गमावलेलं. ही माणसं ‘बस’नं जातात. दचकलात? बस म्हणजे गाडी नाही. एखादा अनुभवी धावपटू झेंडा घेऊन ठरावीक वेगानं पळतो, त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. शेदोनशे लोक त्याच्यामागे धरून राहतात, तो म्हणेल तेव्हा पळायचं, म्हणेल तेव्हा चालायचं. गाणी म्हणतात, टाळ्या वाजवतात. आपल्या वारीतल्या दिंडीत जो एकट्यानं चालला असता तर बसला असता तो सगळ्यांबरोबर चालत राहतो, तसंच.

दहा वेळा जो शर्यत पूर्ण करतो त्याला ‘हिरवा क्रमांक’ मिळतो. तो क्रमांक मग कायमचा त्याचा. तो म्हातारा झाला, धावायचा थांबला, तरी त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्या कुणाला देत नाहीत. पैशांपेक्षा लोकांना याचं अप्रूप जास्त.

वॉली हेवर्डचं नाव राहिलंच. यानं १९३० साली एकविसाव्या वर्षी शर्यत जिंकली, मग वीस वर्षं फिरकलाच नाही आणि १९५० साली येऊन पुन्हा जिंकली. अशी एकूण पाच वेळा. त्याचं खरं कौतुक पुढे आहे. १९८८ साली तो ७९ वर्षांचा असताना परत आला आणि ९ तास ४४ मिनिटांत पोचला. अर्ध्याहून जास्त तरुण मागे राहिले. १९८९ साली ऐंशीव्या वर्षी पुन्हा आला. या वेळी फार हाल झाले. तेव्हा मुदत अकरा तासांची होती. आजोबा अक्षरशः डुलत डुलत मैदानात शिरले आणि मुदतीला दोन मिनिटंही उरली नव्हती तेव्हा रेषा ओलांडली. ऐंशीव्या वर्षी त्यांना कुणाला काय दाखवायचं होतं? मला विचाराल तर कुणालाच काही नाही. सकाळ झाली की काही लोकांना चहा लागतो, तसं काहींना पळणं लागत असावं.

गेली काही वर्षं आपल्याकडूनही शेकडो लोक तिकडे जातात. त्यात मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिककडची मंडळी बरीच असतात. पहाटे चार वाजता उठून घाटरस्त्यावर सराव करणारे कुणी काका-मावशी दिसले, तर त्यांना विचारा, “कॉम्रेड्सला चाललात का?” आणि पाठोपाठ ‘कशाला?’ हेही विचारा. दोघांना विचारलंत तर दोन उत्तरं मिळतील, अशी माझी खात्री आहे.

शेवटी, या शर्यतीचा शेवट कसा होतो ते सांगायलाच हवं. जिंकणारा साडेपाच तासांच्या आत येऊन गेलेला असतो. त्याचे फोटो झालेले, मुलाखती झालेल्या. पण मैदानातली गर्दी हलत नाही, उलट वाढते. सगळ्यांना बघायची असतात शेवटची दहा मिनिटं. बारा तास भरत येतात. अंधार पडलेला. माणसं येत असतात. कुणी लंगडत, कुणी दोन अनोळखी लोकांच्या खांद्यांवर हात टाकून, कुणी चक्क रांगत. सगळं मैदान ओरडून त्यांना ओढत असतं.

रेषेवर एक अधिकारी बंदूक घेऊन उभा असतो. आणि तो धावपटूंकडे पाठ करून उभा असतो. मुद्दाम! कोण येतंय हे त्याला दिसता कामा नये. दिसलं तर बोट थबकेल. त्याला फक्त घड्याळ दिसतं. मागे लोकांचा आरडाओरडा ऐकू येतो, पावलं ऐकू येतात, पण वळायचं नाही. बारा तास पुरे झाले, की बार काढतो. त्याच क्षणी माणसं आडवी उभी राहून रेषा बंद करतात. जो एक पाऊल अलीकडे राहिला त्याला पदक नाही. नव्वद किलोमीटर धावला, तरी नाही.

तो तिथेच खाली बसतो. कुणीतरी येऊन त्याच्या अंगावर पांघरूण टाकतं, पाणी देतं. त्यांतले पुष्कळ जण पुढच्या वर्षी पुन्हा नाव घालतात.